खेळाडूस फूस लावण्याचें शासन

अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आमच्या मैदानावरील फुटबॉल नव्हे. त्यांतील चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत घेऊन धांवावयाचा किंवा फेंकावयाचा असतो. त्या खेळाच्या व्यावसायिक संघांची मोठी संस्था नॅशनल फुटबॉल लीग ही होय. तींत ३२ संघ आहेत. या संस्थेच्या एका नियमाकडे आम्ही विद्यार्थ्यांचें व पालकांचें लक्ष वेधूं इच्छितों. कारण त्यांत केवळ खेळाचा नव्हे, तर दिलेल्या शब्दाचा प्रश्न आहे.

प्रत्येक खेळाडू आपल्या संघाशीं ठराविक मुदतीचा करार करितो. मुदत संपली व सेवेचीं पुरेशीं वर्षें भरलीं, म्हणजे तो मोकळा होतो आणि वाटेल त्या संघाकडे जाऊं शकतो. ही मोकळीक १९९३ सालापासून आहे. लीगचें नवें वर्ष मार्च महिन्याच्या मध्यास सुरू होतें. तत्पूर्वीं, करार चालू असतां, परक्या संघानें त्या खेळाडूस फूस लावणें हा अपराध होय. मात्र नव्या वर्षापूर्वीं सुमारें दोन दिवस, ज्याचा करार संपत आला आहे त्याच्या मुखत्याराशीं बोलणें करण्याची मुभा संघांस असते.

हा नियम मोडल्यास काय होतें? पैशाचा दंड होतोच. परंतु श्रीमंत संघास तो फारसा झोंबत नाहीं. खरें शासन निराळें आहे. दर वर्षीं वसंत ऋतूंत महाविद्यालयांतील तरुण खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत होते, व तींत दुबळ्या संघांस आधीं पाळी मिळते. अपराधी संघाची यांतील एखादी पाळी काढून घेतात. पहिल्या फेरींतील पाळी गेली, तर संघाचा एक होतकरू आधारस्तंभच गेला असें समजावें.

आतां तीन उदाहरणें पाहूं. २०१५ सालीं फिलाडेल्फियाचा जेरेमी मॅक्लिन हा कॅन्सस सिटी चीफ्स संघाकडे गेला. मुखत्याराशीं बोलावयाचें सोडून संघानें प्रत्यक्ष खेळाडूशीं बोलणें केलें, असें आढळून आलें. २०१६ सालीं त्या संघाच्या तिसऱ्या व सहाव्या फेरींतील दोन पाळ्या गेल्या व दंडही झाला.

२०२४ सालीं कर्क कझिन्स हा मिनेसोटा सोडून अटलांटा फाल्कन्स संघांत आला. पहिल्याच वार्ताहर परिषदेंत तो सहज बोलून गेला कीं, संघाच्या मुख्य शुश्रूषकाशीं आपलें आदले दिवशींच बोलणें झालें होतें. प्रवासाच्या व्यवस्थेविषयींचें बोलणेंदेखील त्या वेळच्या नियमानें निषिद्ध होतें. फाल्कन्सची पाचव्या फेरींतील पाळी गेली, व २,५०,००० डॉलर दंड झाला. त्याच सुमारास सेक्वॉन बार्कलीसंबंधानें फिलाडेल्फिया ईगल्स संघाचीही चौकशी झाली. परंतु पुरावा न मिळाल्यामुळें त्यास शासन झालें नाहीं.

तिसरें उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. मायामी डॉल्फिन्स संघानें टॉम ब्रेडी या विख्यात खेळाडूशीं, तो न्यू इंग्लंड संघाशीं बांधलेला असतां, २०१९ सालीं भर हंगामांत संधान बांधलें. पुढें तो टॅम्पा बे संघांत असतांनाही तोच प्रकार झाला. शिवाय न्यू ऑर्लिन्सचे शिक्षक शॉन पेटन यांच्या मुखत्याराशींही त्या संघाच्या संमतीवांचून बोलणें केलें. २०२२ सालीं मायामीची पहिल्या फेरींतील एक व तिसऱ्या फेरींतील एक अशा दोन पाळ्या गेल्या. मालक स्टीफन रॉस यांस १५ लक्ष डॉलर दंड झाला व कांहीं काळ संघापासून दूर राहावें लागलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अटलांटास हवा तो खेळाडू मिळाला, तरी शासन सौम्य झालें. मायामीस ना ब्रेडी मिळाला ना पेटन, तरी शासन कडक झालें. असें कां? कारण शासन लाभाच्या मापानें होत नाहीं. एकानें मुदत संपतां संपतां मर्यादा ओलांडली. दुसऱ्याच्या मालकानेंच वर्षानुवर्षें परक्याच्या करारास सुरुंग लावला.

कोणी म्हणेल, खेळाडूस अधिक वेतन मिळत असल्यास आड कां यावें? आम्हांस वाटतें, नियम त्याच्या आड येतच नाहीं. मुदत संपतांच तो उघडपणें बोलूं शकतो व भाव करूं शकतो. मनाई आहे ती एवढीच कीं, ज्याची चाकरी आज चालू आहे, त्याच्या मागें उद्यांचा सौदा गुपचूप करूं नये. ज्याचें मन दुसरीकडे लागलें, त्याच्या प्रत्येक चुकीविषयीं सोबत्यांच्या मनांत शंका येणारच. आणि शंका शिरलेला संघ हरण्यापूर्वींच हरलेला असतो.

मैदानावर असो वा घरीं, आपला शब्द मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरा पाळावा, आणि दुसऱ्याचा शब्द मोडण्यास आपण कारण होऊं नये, हाच बोध विद्यार्थ्यांनीं यांतून घ्यावा.