नैराश्यावरील श्राव्य पाठ : कसोटी का व कशी?

संत्री आणि कापूस पिकविणारा पांढुर्णा-सौंसरचा परिसर २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. मध्य प्रदेशाचा कारभार हिंदीत चालतो. परंतु या भागातील असंख्य घरांत सुखदुःख बोलले जाते ते मराठीतच. मनाच्या आजाराचा विचार करताना ही बाब दृष्टीआड करून चालणार नाही. नैराश्याने ग्रासलेला माणूस आपल्या आजाराचे नाव क्वचितच घेतो. 'कशात जीव लागत नाही', 'झोप येत नाही', 'हातपाय गळाले' एवढेच तो सांगतो, आणि घरची माणसे त्याला आळशी ठरवून मोकळी होतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशाचाही समावेश होता. नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांपासून वंचित असल्याचे त्या सर्वेक्षणात आढळून आले. या परिस्थितीत ध्वनिमुद्रित स्वयंसाहाय्य पाठांची कल्पना साहजिकच पुढे येते. ज्यास वाचता येत नाही त्यासही ऐकता येते. शिवाय चारचौघांत वाच्यता होण्याची भीती कमी होते. मात्र पाठ ऐकावयास बरा वाटणे वेगळे आणि त्याने आजार हटणे वेगळे.

तुलनेवाचून निर्णय नाही

हा भेद गोव्यातील एका चाचणीने स्पष्ट केला. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचाराबरोबरच प्रशिक्षित सर्वसामान्य समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. सुटून गेलेली लहानलहान कामे पुन्हा हाती घ्यावयास लावणे, हे या भेटींचे सूत्र होते. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. परंतु भेटी न मिळालेल्यांतही ३९ टक्के सावरले होते. दुसरा गट नसता तर या ६४ टक्क्यांचे सारे श्रेय भेटींनाच दिले गेले असते.

गोव्यातील साहाय्य प्रत्यक्ष भेटीचे होते. ध्वनिमुद्रित पाठांची कसोटी युगांडात झाली. जागतिक आरोग्य संघटनेचा पाच आठवड्यांचा श्राव्य पाठ तेथे दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासित स्त्रियांना त्यांच्याच बोलीत गटागटाने ऐकविण्यात आला. सोबत सचित्र पुस्तिका होती. गट सांभाळण्यास अल्प प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या. १४ गावांतील ६९४ स्त्रियांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. मानसिक क्लेश कमी झाल्याचे दिसले; मात्र तीन महिन्यांनंतर हा परिणाम आरंभीच्या मानाने बराच ओसरला होता. केवळ पाठ संपलेल्या दिवशी मोजमाप करून भागत नाही, हा यातील धडा होय.

पांढुर्णा-सौंसरच्या संदर्भात

अशी कसोटी या जिल्ह्यात घ्यावयाची झाल्यास प्रथम पाठाची भाषा गावकऱ्यांना ऐकवून पारखावी लागेल. पुस्तकी मराठी किंवा हिंदीवरून जसेच्या तसे उतरविलेले शब्द कानावर पडतील, पण मनापर्यंत पोहोचणार नाहीत. एका घरात लावलेला पाठ शेजारीही ऐकणारच. म्हणून युगांडाप्रमाणे व्यक्तींऐवजी गावांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करणे श्रेयस्कर. दोन्ही गटांचे मोजमाप एकाच काळात व्हावे. एखाद्या हंगामात कापसाला चांगला भाव आला तर अनेकांचे मन हलके होईल. ते श्रेय पाठाच्या खाती पडता कामा नये.

मागील दोन आठवड्यांतील लक्षणांविषयी नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती आरंभी, पाठ संपताच व काही महिन्यांनी पुन्हा भरून घ्यावी. प्रश्न विचारणाऱ्यास कोणते गाव कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसावे. जे मध्येच सोडून गेले त्यांनाही हिशेबात धरावे. कारण पाठ ज्यांना मानवला नाही तेच प्रथम निघून जातात. पाठ उपयुक्त ठरल्यास तुलनेच्या गावांनाही तो मिळावा, हे न्यायाचे होईल.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा. त्या नऊ प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी आहे. त्याला होकार देणाऱ्या व्यक्तीस पाठाच्या भरवशावर सोडणे हा अक्षम्य हलगर्जीपणा ठरेल. तिला त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचविले पाहिजे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही प्रत्येक सहभागी कुटुंबाजवळ असावा.

ध्वनिमुद्रण बोलते, पण ऐकत नाही. म्हणून त्याच्या मागे ऐकणारे माणूस उभे असणे अगत्याचे आहे. ते आहे की नाही, याचीही तपासणी कसोटीत झाली पाहिजे. निरुपयोगी पाठ घेऊन महिनाभर वाट पाहणाऱ्या रुग्णाचा तो महिना वाया जातो, आणि नैराश्याच्या आजारात असा एक महिनाही कधी फार महागात पडतो.