ड्रोनची बॅटरी : व्होल्टचे वाचन आणि सुरक्षित परतीची योजना

संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले पांढुर्णा व सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. त्याच वर्षी केंद्र शासनाने महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन पुरविणारी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. औषधाने भरलेला ड्रोन वीस किलोहून अधिक वजनाचा असू शकतो. असे यंत्र बागेवर असताना बॅटरीने दगा दिला, तर खाली काम करणाऱ्यांच्या जिवावर बेतते. म्हणून बॅटरीचा आकडा वाचता येणे अगत्याचे आहे.

आकड्याचा अर्थ

ड्रोनमधील लिथियम-पॉलिमर बॅटरी अनेक सेल जोडून बनते. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवितो. त्याचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट असतो. सहा सेलच्या बॅटरीत हेच आकडे अनुक्रमे २५.२ व २२.२ होतात. व्होल्ट हा विजेचा साठा नसून दाब होय. मधल्या टप्प्यात तो सावकाश उतरतो आणि शेवटी एकाएकी घसरतो. त्यामुळे आकडा थोडाच उतरला म्हणून वीज पुष्कळ शिल्लक आहे, असे समजणे धोक्याचे ठरते.

विहिरीवरील पंप सुरू होताच खोलीतील दिवा क्षणभर मंद होतो. ड्रोनचे पंखे जोराने फिरू लागले की बॅटरीचा दाबही तसाच उतरतो आणि जमिनीवर टेकल्यावर पुन्हा थोडा चढतो. या चढलेल्या आकड्यावर विसंबून दुसरी फेरी घेऊ नये. उड्डाणातील, म्हणजे भाराखालील, आकडाच निर्णयासाठी धरावा.

एकूण आकड्यामागे दुबळा सेलही लपतो. पाच सेल ३.७८ व्होल्टचे आणि एक ३.३ व्होल्टचा असला, तरी बेरीज २२.२ च येते. पण दुबळा सेल भार येताच कोसळतो. यास्तव उड्डाणापूर्वी प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासावा. फुगलेली बॅटरी वापरातून काढून टाकावी.

फेलसेफची मांडणी

दाब ठरावीक मर्यादेखाली गेला किंवा चालकाशी रेडिओ संपर्क तुटला, तर ड्रोनने आपोआप काय करावे, हे आधी ठरवून देण्याच्या व्यवस्थेस फेलसेफ म्हणतात. बॅटरीसाठी तिच्या सामान्यतः तीन पायऱ्या असतात: इशारा, उड्डाणस्थळी परत येणे आणि असेल तेथे उतरणे. उदाहरणादाखल, सहा सेलच्या बॅटरीस २१.६ व्होल्टला इशारा व २१.० ला परती ठरविता येईल. अंतिम प्रमाण मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेचे मानावे. परतीची मर्यादा ठरविताना बागेच्या दूरच्या टोकापासून येण्यास लागणारी वीज आणि समोरचा वारा यांचा हिशेब राखावा.

बारा सेलच्या बॅटरीवर सहा सेलचे आकडे तसेच राहिले, तर मोठा घोटाळा होतो. ३.५ व्होल्टच्या हिशेबाने तिची मर्यादा ४२ हवी. ती २१ असेल, तर इशारा मिळण्यापूर्वीच यंत्र कोसळेल.

परतीची उंची सर्वांत उंच झाडाहून व विजेच्या तारांहून अधिक असावी; अन्यथा सुरक्षिततेची योजनाच अपघातास कारण होईल. 'असेल तेथे उतरणे' हा शेवटचा उपाय होय, कारण खाली विहीर, झाड किंवा माणूस असू शकतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर भरणाऱ्या गोटमारीच्या देखरेखीसाठी ड्रोन वापरले जातात. तेथे गर्दीत उतरणारे यंत्र नवे संकट ठरेल. अशा ठिकाणी परतीची मर्यादा अधिक सावधपणे, म्हणजे वरच्या आकड्यावर, ठेवणे इष्ट.

काम संपल्यावर बॅटरी पूर्ण भरून वा रिकामी न ठेवता प्रति सेल सुमारे ३.८ व्होल्टवर, उन्हापासून दूर ठेवावी. प्रत्येक फेरीच्या आरंभीचा व शेवटचा आकडा वहीत टिपावा. बॅटरी दुबळी होत असल्याची पहिली खूण या नोंदींतच दिसते.

सराव : बारा सेलची बॅटरी उड्डाणात ४३.२ व्होल्ट दाखवीत आहे. प्रति सेल किती व्होल्ट? वरील उदाहरणानुसार ही कोणती पायरी?