खारवट जमिनीतील कण्हेर

विहिरीच्या थारोळ्यालगत, पाटाच्या सखल अंगास व चराच्या काठी पांढरा थर धरलेले तुकडे बागाईत गावांतून पुष्कळ दृष्टीस पडतात. सातबाऱ्यावर त्यांची नोंद बहुधा 'पोटखराब' अशी होते. कचेरीत असता अशा नोंदी आम्ही स्वहस्ते लिहिल्या. पुढे सेवानिवृत्त झाल्यावर तसाच सहा गुंठ्यांचा तुकडा आमच्या वाट्यास आला, तेव्हा नोंद लिहिणे सोपे व जमीन नांदविणे कठीण, हे उमगले. त्या तुकड्यात जे फुलझाड टिकले, त्याची हकीकत येथे देत आहो.

जमिनीची ओळख. हा दोष आजचा नव्हे. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर डॉ. हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांचा निबंध १९१० सालीच प्रसिद्ध झाला. पाणी प्रमाणाबाहेर दिले व निचरा नसला, म्हणजे जमिनीतील पाण्याची पातळी वर येते. ते पाणी उन्हाने उडून जाते व क्षार मागे राहतात. खारवट व चोपण यांत मात्र भेद आहे. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसीमेनपेक्षा अधिक असल्यास जमीन खारवट समजतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांस चिकटून राहतो, सामू ८.५ च्या वर जातो, आणि जमीन ओली असता चिकट व वाळता दगडासारखी होते. जिप्समचा उपयोग चोपणास होतो. नुसत्या खारवटीस चर काढून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हाच उपाय. म्हणून माती तपासून घेतल्यावाचून खर्च करू नये.

कण्हेरच का? मातीतील ओल खारी झाली, की मुळांस ती ओढून घेणे जड जाते. पिके ओल असूनही तहानेली राहतात. कण्हेर मूळची ओढ्यानाल्यांच्या काठची. तिचे पान जाड व मेणचट असून श्वासरंध्रे पानाच्या पाठीस लहान खळग्यांत, लवेखाली दडलेली असतात. त्यामुळे पाणी कमी उडते व झाड क्षार आणि अवर्षण दोन्ही सोसते.

लागवड. पावसाळ्याच्या आरंभी अर्धपक्व फांदीचे वीतभर लांबीचे छाट घ्यावेत, खालची पाने काढावीत व चांगल्या मातीत लावावेत. मुळे फुटून रोप जोमदार झाले, की मग त्यास खारवटीत न्यावे. कोवळे छाट एकदम तेथे लावल्यास बरेच मरतात. आम्ही प्रथम हीच चूक केली. रोपे वरंब्याच्या माथ्यावर न लावता बगलेस लावावीत, कारण क्षार माथ्यावर साठतात. कुंपणाकरिता दोन झाडांत चार ते सहा फूट अंतर ठेवावे. पाणी साचू देऊ नये.

निगा. फुले नव्या फुटीच्या शेंड्यास येतात. म्हणून बहर ओसरल्यावर छाटणी करावी. पिवळा मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो. शेंडे खुडून टाकावेत किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावेत. श्रावणात पूजेकरिता फुलांस मागणी असते.

सावधगिरी. आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कण्हेरीचे सर्वांग विषारी आहे, व वाळलेली पानेही तितकीच घातक. दहा-वीस पाने मोठ्या जनावरासही पुरेशी होतात. एके वर्षी छाटणीच्या फांद्या आमच्या गड्याने बांधावर टाकल्या. आम्हीही 'उद्या उचलू' म्हणून दुर्लक्ष केले. रात्री शेजाऱ्यांचा सुटलेला बैल तेथे चरला व दुसरे दिवशी दुपारपर्यंत गेला. आम्ही किंमत भरून दिली. परंतु ऐन पेरणीत त्यांची जोडी मोडली, ती काही भरून निघाली नाही. तेव्हापासून छाटलेला पाला मोजून खड्ड्यात पुरतो. तो जाळू नये. धूरही अपायकारक असतो. गोठा, हौद व मुलांच्या खेळण्याची जागा यांजवळ कण्हेर लावू नये. जनावराने पाला खाल्ल्याचा संशय येताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यास बोलवावे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, निराळ्या जातीची असली तरी तीही विषारीच.

पडीक तुकडा फुलू शकतो, हे खरे. परंतु लावणाराने कात्रीइतकाच खड्डाही तयार ठेवावा, एवढेच आमचे सांगणे.