‘होतं असं’ म्हणजे तपासणी नव्हे

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा खुपणार, पाणी येणार, हे मला ठाऊक होतं. मी घाबरट बाई नाही. आयुष्यभर ब्लाउज शिवून घर चालवलं. बोटात सुई घुसली तरी चिंधी बांधून शिवणं पुढे चालू ठेवलं. म्हणूनच ‘आजी जरा कुरकुर करतात’ हे वाक्य अजून बोचतं.

ऑपरेशन चांगलं झालं, ते मी नाकारत नाही. पट्टी निघाली आणि इतकी वर्षं पिवळट दिसणारा दोरा पांढराशुभ्र दिसला. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं, पण रोज कालच्यापेक्षा कमी. महिना होत आला तसं मात्र उलटं सुरू झालं. भुवईवर ठणका, डोळा जड, संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी, नजरेवर धुकं.

फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, ऑपरेशन झालंय ना, होतं असं. थेंब चालू ठेवा.” पुन्हा केला, पुन्हा तेच. शेवटी मुलाला घेऊन गेले. भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, बरीचशी वाचता आली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता मुलाला सांगितलं, “या वयात थोडी कुरकुर असतेच. मनावर घेऊ नका.” दुखत होतं मला आणि बोलणं चाललं होतं मुलाशी. फाईलवर लिहिलं, थेंब तेच चालू.

मग मी हट्टाने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. डोळा बधिर करणारा थेंब टाकला आणि निळ्या दिव्याचं यंत्र डोळ्याला टेकवून प्रेशर मोजलं. साधारण १० ते २१ असायला हवं, ते माझं ३८ होतं. त्यांनी विचारलं, “स्टेरॉइडचे थेंब अजून तेवढेच चालू आहेत? घरात कुणाला काचबिंदू होता का?” आईला होता, आणि ते ऑपरेशनच्या फॉर्मवर मी स्वतः लिहून दिलं होतं. सूज उतरावी म्हणून दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी काही जणांच्या डोळ्याचं प्रेशर काही आठवड्यांत चढतं, आणि घरात काचबिंदू असेल तर ही शक्यता जास्त. ते तसंच राहिलं तर आतल्या नसेला इजा होते आणि गेलेली नजर परत येत नाही.

बाई जुनी फाईल चाळत होत्या. मुलगा वाकून बघत होता. माझ्या शेवटच्या भेटीच्या तारखेपुढे प्रेशरचा रकाना कोरा होता आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलेलं होतं, ‘काही नाही’. मुलाने ते मोठ्याने वाचलं तेव्हा माझे हात थरथरायला लागले. मी खुर्चीत बसून ठणका कुठे आहे ते बोट लावून दाखवलं होतं! त्याच क्षणी मला कळलं की माझं बोलणं तिथे कुणी ऐकलंच नव्हतं.

थेंब बदलले, प्रेशर उतरवण्याचे वेगळे थेंब सुरू झाले, आकडा हळूहळू खाली आला. नस वाचली. सगळ्यांचं नशीब असं नसतं, म्हणून सांगते.

खुपणं, कोरडेपणा, उजेड सहन न होणं हे काही आठवडे चालतं. ऑपरेशनची चीर अगदी छोटी असली तरी बुबुळावरच्या बारीक नसा दुखावतात, त्यामुळे डोळा कोरडा पडतो. डॉक्टरांना विचारून ओलाव्याचे थेंब घ्या, बरं वाटतं. पण त्रास दिवसागणिक कमी होतोय की वाढतोय, हे रोज बघा. दुखणं किंवा लाली वाढली, नजर अचानक मंदावली, पू आला, विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी जा. फोनवर समाधान करून घेऊ नका.

स्टेरॉइडचे थेंब चालू असतील तर प्रत्येक तपासणीला विचारा, प्रेशर मोजलं का, आकडा किती? माझं दुखलं म्हणून कळलं. अनेकांचं प्रेशर वाढतं तरी काहीच दुखत नाही. थेंब कधी आणि कसे कमी करायचे ते मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून मागा. नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या हातात बारीक इंग्रजी अक्षरांचा कागद देतात, याचा मला अजून राग येतो. मात्र थेंब आपल्या मनाने बंद करू नका, आतली सूज उसळते.

दोन औषधांमध्ये पाच मिनिटं तरी जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने हलकं दाबून धरा. काही बाटल्या हलवूनच वापरायच्या असतात, ते विचारून घ्या. झोपताना प्लॅस्टिकची ढाल लावा. डोक्यावरून अंघोळ, फोडणीची वाफ, धूर, जड बादल्या, डोळा चोळणं हे सगळं डॉक्टर सांगतील तोवर टाळा. शेजारणी मध, गुलाबपाणी, तूप सुचवतील. डोळ्यात काहीही घालू नका. विश्रांती घ्या, साखर सांभाळा.

सोबतीला माणूस न्या, पण उत्तरं तुम्ही स्वतः द्या. डॉक्टर मुलाशी बोलू लागले तर सांगा, डोळा माझा आहे, माझ्याशी बोला. आणि फाईल हातात आली की तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय ते तिथेच वाचून घ्या. तुम्ही सांगितलेलं त्यात नसेल, तर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.