पाण्याखालचा देश आणि पुरातली सांगली

परदेशात राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "पैसे किती मिळायचे?" आणि दुसरा, "तिथली माणसं कशी आहेत हो?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मी शिकायला गेलो होतो, शिष्यवृत्ती मिळायची आणि तिचा मोठा भाग घरभाड्यात जायचा. दुसऱ्या प्रश्नाला मी सुरुवातीला एक ठरावीक उत्तर ठोकून द्यायचो, "फार शिस्तीची माणसं. आपल्याला नाही जमायचं ते." अंकासाठी लेख मागायला मुले आली तेव्हा हेच दोन पानांत लिहून द्यावे असे मनात होते. पण लिहायला बसलो आणि माझे मलाच पटेना.

माझे घर सांगलीच्या गावभागात. आजोळ माणदेशात, दहिवडीच्या बाजूला. म्हणजे एकीकडे पाणी घरात शिरते आणि दुसरीकडे हंड्यात येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. लहानपणी मे महिन्यात आजीकडे तोंड धुतलेले पाणी झाडाला घालायचो आणि जून-जुलैत सांगलीला येऊन नदी किती चढली ते बघायला आयर्विन पुलावर जायचो. तेव्हा यात काही विशेष आहे असे वाटले नव्हते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला पाणी विषयातले पदव्युत्तर शिक्षण घ्यायला गेलो. देशाचा आकार सांगतो. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र केले तर सुमारे एकोणीस हजार चौरस किलोमीटर होतात, आणि तो अख्खा देश याच्या दुपटीहून थोडा मोठा. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. देशातला चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. युरोपातल्या मुख्य भूमीवरचा त्यांचा सर्वांत उंच डोंगर ३२२ मीटरचा. आपला अजिंक्यतारा बघितला तर ते लोक त्याला हिमालय म्हणतील!

राहणीमानाबद्दल थोडक्यात. रस्ते, नळाचे पाणी, रेल्वे, दवाखाना हे सगळे उत्तम. जिने मात्र इतके अरुंद आणि उभे की सामान वर न्यायला घरांच्या माथ्यावर हूक बसवलेले असतात. दुपारचे जेवण म्हणजे गार पाव आणि चीज. आमच्या मेसला नावे ठेवणाऱ्या मुलांना मी तिथे महिनाभर पाठवायला तयार आहे. डॉक्टरकडे गेलात तर बहुतेक वेळा पॅरासिटामॉल घेऊन झोपा म्हणतात. घरांची टंचाई भयंकर. आणि तिसऱ्याच महिन्यात माझी सायकल चोरीला गेली, तीही दोन कुलपे लावलेली. तेव्हा "तिकडे कुणी चोरी करत नाही" हे आपल्याकडचे ऐकीव वाक्य तिथेच संपले.

मी ज्या घरात खोली घेतली होती त्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारायला सांगितले. सत्तरीच्या बाईला नुसत्या नावाने? माझी जीभ शेवटपर्यंत वळली नाही. चहाला बोलवायचे तर वही काढून दहा दिवसांनंतरची वेळ द्यायच्या. एका कपाबरोबर एकच बिस्कीट. मला वाटले, बाई चिक्कू आहे. पुढे मला ताप आला तेव्हा त्याच बाईंनी चार दिवस सूप करून जिना चढून आणून दिले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ऑगस्ट २०१९. मी डेल्फ्टला, आई आणि अण्णा सांगलीत. फोनवर आई रोजचे आकडे सांगायची, कोयनेतून किती क्युसेक सोडले, आयर्विनला किती फूट झाले. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मी म्हणालो, "आई, आता निघा. मावशीकडे विश्रामबागला जा." अण्णांनी फोन घेतला आणि म्हणाले, "अरे, २००५ ला आपल्या तिसऱ्या पायरीला लागून परत गेलं. त्याच्या वर काय येत नाही." त्यांनी तेव्हाची खूण भिंतीवर तैलरंगाने रंगवून ठेवलेली. त्या रंगाच्या रेघेवर त्यांचा विश्वास.

२००५ ला आयर्विनजवळ पाणी जवळपास चौपन्न फुटांना पोचले होते. २०१९ ला ते साडेसत्तावन्न झाले. तीन-साडेतीन फुटांचा फरक, पण तेवढ्यात आमचे स्वयंपाकघर गेले. आई-अण्णा माडीवर दोन रात्री होते. फोनची बॅटरी संपली आणि दीड दिवस मला काहीच कळेना. त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली आणि बायका-मुलांसह अनेक जण बुडाले. मी ती बातमी मोबाईलवर वाचत स्वयंपाकघरात उभा होतो. घरमालकीणबाईंनी विचारले, काय झाले? मी सांगितले.

त्यांनी विचारले, "मग तुमच्याकडे पाण्याची जबाबदारी कुणाची आहे? कुणाला फोन करायचा?"

मला उत्तर देता आले नाही. धरण पाटबंधारे खात्याचे, गाव महापालिकेचे, बोटी आपत्ती व्यवस्थापनाच्या, खालचे धरण शेजारच्या राज्याचे. मी हे सगळे समजावून सांगितले, तर बाई म्हणाल्या, "म्हणजे कुणाचीच नाही?" राग आला. पण खोटे काय होते त्यात?

त्यांच्याकडे याचे उत्तर आहे आणि ते फार जुने आहे. तिथे 'वॉटरस्खाप' नावाची पाण्याची वेगळी पंचायत असते. ऱ्हाइनलांडची पंचायत १२५५ पासूनची, आमच्या डेल्फ्टची १२८९ ची. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हापासून त्यांचे बांध सांभाळणारी माणसे नेमलेली आहेत. कचेरीची इमारत सुमारे १५०५ ची, दर्शनी भिंतीवर रंगीत मानचिन्हे. मी रोज तिच्यावरून सायकलने जायचो. या पंचायतीची स्वतःची निवडणूक होते, स्वतंत्र कर असतो आणि तिचे काम एकच, बांध, कालवे, पंप आणि सांडपाणी. रस्ता नाही, शाळा नाही, दुसरे काही नाही. पूर्वी ज्याची जमीन बांधाला लागून, त्याने आपल्या वाट्याचा बांध सांभाळायचा. ज्याला ते झेपत नसे तो बांधात फावडे रोवून निघून जाई. ते फावडे जो उपटेल, त्याची जमीन आणि त्याचाच बांध. कायदा म्हणून हा भलताच कडक आहे, पण पाणी त्याहून कडक.

इथे कुणी म्हणेल, बघा, रक्तातच शिस्त आहे. मीही तसेच म्हणत होतो. पण अभ्यासक्रमात १९५३ चा धडा आला. ३१ जानेवारीच्या रात्री वादळाने समुद्र आत आला, बांध फुटले आणि १,८३६ माणसे गेली. त्या वेळी देशात अडीच हजारांहून अधिक पाणी-पंचायती होत्या, बऱ्याचशा चिमुकल्या, पैशाने लंगड्या. बांध कमी उंचीचे आणि दुबळे आहेत हे योहान व्हान व्हेन नावाचा सरकारी इंजिनिअर कितीतरी आधीपासून सांगत होता. ऐकले नाही. शिस्तीच्या लोकांनी! फरक पुढे पडला. वीस दिवसांच्या आत त्यांनी आयोग नेमला, १९५८ ला कायदा केला आणि त्यातून निघालेली बांधकामे १९९७ पर्यंत चालू राहिली. सरकारे किती आली-गेली, काम थांबले नाही. पंचायती एकत्र करत आता त्या २१ वर आणल्या आहेत.

सिव्हिलच्या मुलांसाठी एक आकडा मुद्दाम देतो. त्यांनी समुद्राकाठच्या मुख्य भागाचे बांध दहा हजार वर्षांत एकदा येईल अशा लाटेसाठी धरले, मोठ्या नद्यांचे साडेबाराशे वर्षांत एकदा येईल अशा पुरासाठी. आपली निळी पूररेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. आणि निळ्या रेषेच्या आत काय काय उभे आहे ते सांगलीत कुठल्याही पुलावरून दिसते. त्यांनीही नदी दाबली होतीच. १९९५ ला नद्या फुगल्या आणि अडीच लाख माणसे हलवावी लागली, तेव्हा त्यांनी उलटा विचार केला, की बांध आणखी चढवण्याऐवजी नदीलाच जागा द्यायची. तीसहून जास्त ठिकाणी बांध मागे घेतले, पात्र रुंद केले. नायमेगेन शहरासमोर बांध साडेतीनशे मीटर मागे सरकला, त्यात पन्नासेक घरे गेली. लोक भांडले, सभा झाल्या, वर्षे गेली. पण भांडण कुणाशी करायचे हे तरी ठरलेले होते.

आणि आता आपली बाजू. पूर उतरायला लागला तसे अण्णांनी फोनवर सांगितले की माडीच्या खिडकीशी गल्लीतलीच पोरे नाव घेऊन आली होती. पाणी, बिस्किटे आणि भाकरी. खेड्याखेड्यांतून टेम्पो भरून भाकरी, चटण्या, चादरी आल्या. माणदेशातूनही आल्या, जिथे त्या वर्षी जनावरे छावणीत होती. हे मी घरमालकीणबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "हे कुठल्या संस्थेनं ठरवलं?" कुणीच ठरवले नव्हते. त्यांना ते खरे वाटेना. मग मी त्यांना विचारले, "तुमचं हे घर समुद्रापेक्षा किती खाली आहे?" बाईंना माहीत नव्हते. पाणी-पंचायतीच्या निवडणुकीत मत कुणाला दिले तेही आठवेना. आमच्या आईला कोयनेचा विसर्ग तोंडपाठ, आणि या शिकल्यासवरल्या बाईला आपण पाण्याखाली राहतो याची आठवणही नाही! आधी मला यात आपले मोठेपण वाटले. नंतर वाटले, त्यांनी विसरता येईल इतके काम करून ठेवले आहे, आणि आईला पाठ करावे लागते.

आपली माणसे फक्त संकटात एक होतात, एरवी नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. तेही खरे नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडी-बळवडीचे बळीराजा धरण आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडून मुंबईहून परतलेले कामगार आणि गावकरी दुष्काळात एकत्र आले. नदीतली वाळू ठेकेदार उपसत होते, ती विकण्याचा हक्क त्यांनी लढून मिळवला आणि त्याच पैशांतून आणि श्रमदानातून धरण बांधले. पाण्याचे वाटप जमिनीवर नाही, माणसावर, भूमिहीनालाही वाटा. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी समन्यायी पाणीवाटपासाठी वर्षानुवर्षे पाणी परिषदा भरवल्या. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने २०१६ ला श्रमदान करून पहिला वॉटर कप जिंकला. ही फावडे उपटणारीच माणसे ना? फक्त त्यांच्या मागे सातशे वर्षे चाललेली कचेरी नव्हती. पुढची पिढी आली की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आपल्या हॉस्टेलचेच घ्या. टाकी ओसंडून वाहते तेव्हा पाच मिनिटांत दहा जण धावतात, हे मी रेक्टर म्हणून बघितले आहे. पण कॉक कुणी बंद करायचा याचा कागद नोटीस बोर्डावर लावला की आठ दिवसांत त्यावर क्रिकेटचा स्कोअर लिहिलेला असतो. याच पोरांना मी डेल्फ्टला पाठवले तर महिन्याभरात वही काढून वेळ द्यायला लागतील. मीही लागलो होतो.

एप्रिल २०२० ला परतायचे होते, ते कोरोनामुळे लांबले. पुढच्या वर्षी जुलै २०२१ मध्ये दोन्हीकडे एकदमच पाणी आले. १४-१५ जुलैला नेदरलँड्सच्या लिम्बुर्ग भागात पूर आला, घरांची नासधूस झाली, पण तिथे एकही माणूस दगावले नाही. शेजारच्या जर्मनीत आणि बेल्जियममध्ये त्याच पाण्याने दोनशेहून अधिक गेले. आठवड्याने, २२ जुलैच्या रात्री, आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला. सांगलीत पुन्हा पन्नासच्या वर.

या वेळी चाळीस फुटांनाच अण्णांनी सामान माडीवर टाकले आणि दोघे विश्रामबागला गेले. कुणी सांगावे लागले नाही. भिंतीवर आता २०१९ ची नवी रेघ आहे, जुनीच्या वर, वेगळ्या रंगात. घरमालकीणबाईंचा मेल आला होता, आई-वडील कसे आहेत विचारणारा. खाली एक ओळ होती. त्यांनी पाणी-पंचायतीच्या कचेरीत फोन करून आपल्या घराची उंची काढली होती, समुद्रसपाटीखाली एक मीटर. आता आपल्यालाही भिंतीवर एक रेघ मारावीशी वाटते, पण कुठल्या उंचीवर मारायची ते तुझ्या वडिलांना विचारून कळव, असे त्यांनी लिहिले होते. अण्णांनी उत्तर दिले, "छताच्या वर."