निवृत्तीनंतरच्या कामाची पूर्वतयारी

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील बहुसंख्य कर्मचारी वयाच्या ५८ व्या, तर गट-ड मधील कर्मचारी ६० व्या वर्षी नियत वयोमानानुसार निवृत्त होतात. हा दिवस सेवेत रुजू होतानाच ठरलेला असतो. तरीही अनेकांस तो अचानक आल्यासारखा वाटतो.

१९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांखाली येणाऱ्यांस दरमहा निश्चित रक्कम मिळते. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नियुक्त झालेल्यांसाठी मात्र अंशदानावर आधारित योजना लागू करण्यात आली. या पिढीच्या दृष्टीने निवृत्तीनंतरचे काम ही केवळ हौस नसून संसाराची गरज ठरू शकते.

म्हणून तयारीस किमान पाच वर्षे आधी प्रारंभ करावा. प्रथम घरखर्च, कर्ज व मुलांचे शिक्षण यांचा हिशेब मांडावा. आपल्या अनुभवाची गावात कोणास गरज आहे, हे नंतर शोधावे. लेखापालास सहकारी संस्थेचे हिशेब पाहता येतील. शिक्षकास अभ्यासिका चालविता येईल. त्यासाठी लागणारे नवे कौशल्य सेवेत असतानाच आत्मसात करावे. खाजगी नोकरी पत्करण्यापूर्वी शासनाची परवानगी आवश्यक आहे किंवा कसे, हेही पाहावे.

उपदानाची रक्कम मात्र अपरिचित धंद्यात गुंतवू नये. ती एकदाच मिळते. बुडाल्यास ती पुन्हा उभी करण्याइतकी वर्षे हाती उरत नाहीत.