मालमोटारीचा धूर चालत्या गाडीत मोजावा

पिकाची पैसेवारी बांधावर उभे राहून ठरत नाही, हे वाचकांस ठाऊकच आहे. वाफा आखून पीक कापावे, मळावे, वजन करावे, तेव्हाच खरा उतारा कळतो. आमची चाकरी महसुलात झाली, म्हणून हा दाखला दिला. मोटारीच्या धुराचेही असेच आहे.

बारामती व इंदापूर तालुक्यांतून दूध, भाजीपाला व डाळिंबे घेऊन डिझेलच्या मालमोटारी पुण्यास जातात. त्यांची नेहमीची तपासणी उभ्या गाडीवर होते. इंजिनावर भार नसता ते जोराने फिरवून, धुराने प्रकाश किती अडतो एवढेच पाहतात. परंतु नायट्रोजनची ऑक्साइडे डोळ्यांस दिसत नाहीत, व ह्या परीक्षेत ती सापडतही नाहीत. ती फुप्फुसांस बाधतात. शिवाय उन्हात त्यांपासून ओझोन वायू बनतो, तो गव्हासारख्या पिकांस अपाय करतो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली दिला.

याकरिता मोजणीचे यंत्र गाडीवरच बसवितात. धुराड्यास नळी जोडून दर सेकंदास धुराचे प्रमाण, त्यातील वायू, गाडीचा वेग व इंजिनावरील भार यांची नोंद होते. मग इंजिनाने केलेल्या कामाच्या दर युनिटामागे किती ग्रॅम विषारी वायू सुटला, हे काढतात. अमेरिकेत २०१५ साली एका मोठ्या मोटार-कंपनीची लबाडी अशाच रस्त्यावरील मोजणीमुळे उघड झाली. आपल्या देशात नव्या गाड्यांस ही परीक्षा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

रस्त्यावर आकडा का बदलतो? भारत स्टेज ६ च्या बहुतेक मालमोटारींत युरियाच्या द्रावाची निराळी टाकी असते. द्रावात ३२.५ टक्के शुद्ध युरिया व बाकी शुद्ध पाणी असते. तो तप्त धुरात फवारला की अमोनिया होतो, व अमोनियाच्या योगे ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी बनते. पण धुराची उष्णता सुमारे २०० अंशांखाली गेली की हे काम मंदावते. पाटस ते यवत गाडी वेगाने धावते तेव्हा ते नीट चालते. हडपसरच्या गर्दीत थांबत-थांबत जाताना बिघडते.

म्हणून ज्यांच्या घरी मालमोटार आहे त्यांनी टाकी रिकामी ठेवू नये. पैसा वाचविण्यासाठी शेतातील युरिया विरघळवून तीत मुळीच ओतू नये. त्यावर निंबोळी तेलाचा लेप असतो, व त्याने यंत्रणा नासते. माल उतरताना इंजिन बंद ठेवावे. तपासणीचा दाखला खिशात असला, तरी चालत्या गाडीचा धूर स्वच्छ असतोच असे नाही.